दवाखान्याची पायरी चढताना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी दवाखान्याचा खर्च आणि कागदपत्रं यांवरची पत्रं जास्त आली. त्यांतली पाच घेतली आहेत. गावं ठेवली, माणसांची आणि दवाखान्यांची नावं गाळली.

वडिलांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री शहरातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी करावी लागेल म्हणाले. दाराशीच फुले योजनेचा बोर्ड होता, पण "तुमचं रेशनकार्ड पांढरं आहे, योजना बसत नाही" असं सांगून 40 हजार भरून घेतले. हे बरोबर आहे का? आता काय करता येईल? — एक वाचक, अंबड तालुका

बरोबर नाही. मराठवाड्यात तर हे उत्तर पूर्वीही चालणारं नव्हतं. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून ठरवलेल्या 14 जिल्ह्यांत आपले आठही जिल्हे होते आणि तिथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून योजना मिळत होती. 2023 च्या शासन निर्णयानं कार्डाच्या रंगाची अटच गेली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता जोडीनं चालतात आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे.

पण बोर्ड दिसला म्हणजे सगळंच योजनेत, असंही धरू नका. दवाखाना योजनेला विभागवार जोडलेला असतो. हाडांच्या ऑपरेशनसाठी जोडलेल्या दवाखान्यात हृदयाचं काम योजनेतून होत नाही. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत. नुसत्या तपासण्या करायला ॲडमिट झालात तरी योजना लागत नाही, पुढे यादीतला उपचार व्हावा लागतो. म्हणून पैसे भरायच्या खिडकीवर विचारून उपयोग नाही. योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा आणि नेमकं विचारा: "हृदयविकारासाठी हा दवाखाना योजनेत आहे का? अँजिओप्लास्टीची मंजुरी टाकणार का?" रात्री टेबल रिकामं असेल तर तिथूनच 155388 किंवा 1800 233 2200 या नंबरवर फोन लावा आणि फोनची वेळ लिहून ठेवा.

पुढचा क्रम असा असतो. आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र बघून नोंदणी करतो. डॉक्टर तपासण्यांचे कागद जोडून मंजुरी मागतात, अँजिओप्लास्टीसाठी अँजिओग्राफीचं चित्रण लागतं. मंजुरी आली की ऑपरेशन, औषधं, खाट, रुग्णाचं जेवण, परतीचं भाडं आणि सुट्टीनंतर 10 दिवसांची औषधं, सगळं त्या पॅकेजमध्ये येतं. जीवावर बेतलं असेल तर दवाखाना फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतो. कागद मागाहून चालतात, पण सुट्टी व्हायच्या आत.

अडतं कुठं? बहुतेक वेळा नावात. कार्डावर बाबुराव आणि आधारवर बाबासाहेब, सून अजून माहेरच्या कार्डावर, वडिलांनी वेगळं कार्ड काढलेलं पण ते ऑनलाइन चढलेलं नाही. कार्डाचा 12 आकडी नंबर संगणकात दिसला नाही की गाडी तिथंच थांबते आणि रुग्ण खाटेवर असताना नातेवाईक तहसीलच्या पुरवठा विभागात हेलपाटे घालतो. घरात सगळे धडधाकट असताना हे एकदा तपासून घ्या. आयुष्मान कार्डही त्याच फेरीत काढून ठेवा.

आता तुमच्या 40 हजारांचं. वडील अजून ॲडमिट असतील आणि अँजिओप्लास्टी व्हायची असेल तर आजच नोंदणीचा आग्रह धरा. रोखीनं उपचार होऊन सुट्टी झाली की योजना मागं जाऊन लागू होत नाही, बिल सादर करून पैसे परत मिळण्याची सोय तिच्यात नाही. मग उरतो तक्रारीचा मार्ग. योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी तक्रार द्या, एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तक्रारीत तारीख, वेळ, नकार देणाऱ्याचं पद आणि पावती नंबर हवा. पावती पक्की हवी. चिठोऱ्यावर लिहून दिलेला आकडा किंवा कुणाच्या खाजगी मोबाइल नंबरवर पाठवलेले पैसे सिद्ध करणं फार जड जातं. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला असेल तर फाईलमध्ये त्याच्या डबीवरचा स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर कंपनी, साइज आणि बॅच नंबर छापलेला असतो. त्याचा फोटो काढून घ्या. स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारनं फेब्रुवारी 2017 पासून कमाल मर्यादा घातली आहे आणि बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी लागते. "पॅकेज" असा एकच शब्द लिहून एक रक्कम टाकलेलं बिल घेऊ नका.

योजना बसलीच नाही आणि दवाखाना ट्रस्टचा असेल तर धर्मादाय कोटा विचारा. 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दवाखान्यातल्या समाजसेवकाकडे द्यायचा, आणि तोही अंतिम बिल निघायच्या आत.

वय 32, दोन मुलं. ऊसतोडीला जाते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. खाजगी डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पिशवी सुजली आहे, तोंडाला जखम आहे, नाही काढली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं. दिवाळीनंतर कारखान्याला जायचंय, मुकादमाची उचल घेतली आहे. आधी काढून घेऊ का? — एक भगिनी, धारूर तालुका

ताई, घाई करू नका. लिहिल्यात तेवढ्या त्रासावर पिशवी काढायचं कारण आम्हाला दिसत नाही.

सोनोग्राफीचा कागद उघडून बघा, किंवा वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या. त्यावर "बल्की युटेरस" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पिशवी थोडी मोठी आहे. दोन बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायांची तशी असते. "नाबोथियन सिस्ट" म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या साध्या पाण्याच्या पुटकुळ्या, त्यांना उपचारही लागत नाही. ज्याला "जखम" म्हणतात तो पुष्कळदा आतल्या अस्तराचा लाल भाग बाहेर दिसत असतो. हे शब्द आजाराचे वाटतात, आणि त्या भीतीनंच बाया टेबलावर जातात.

पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं असतं. तपासून नेमक्या गोळ्या दिल्या तर एक-दोन आठवड्यांत बरं होतं. काही संसर्गांत नवऱ्यानंही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर तो फिरून येतो. तोडीवर पाणी नाही, आडोसा नाही, कापड धुवायला-वाळवायला जागा नाही, तिथं तो वारंवार होणारच. पिशवी काढून ही कारणं जात नाहीत. कंबरदुखीही मोळ्या वाहून आलेली असेल तर ऑपरेशननंतर तशीच राहील.

कॅन्सरची शंका डोळ्यांनी बघून किंवा सोनोग्राफीवरून मिटत नाही, त्याला तपासणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तिशीपुढच्या बायांची गर्भाशयमुखाची तपासणी फुकट होते. कापसाच्या बोळ्यानं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात आणि एक मिनिट थांबून बघतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी आणि गरज पडली तर बायोप्सी. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही लक्षात ठेवा. पॅप स्मीअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी, हीही करता येते. मात्र संबंधानंतर रक्त जाणं, पाळी नसताना मधेच रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यांतलं काही असेल तर उद्याच जा.

पाळीत फार जात असेल, तासातासाला कापड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघतात. मग रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या किंवा तांबीसारखं बसवायचं हार्मोनचं साधन, जे काही वर्षं काम करतं. हे सगळं करून भागलं नाही, किंवा पिशवीतल्या गाठी मोठ्या असून त्रास देत असतील, तर ऑपरेशनचा विचार.

बत्तिसाव्या वर्षी पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं: अंगाची आग, झोप जाणं, हाडं ठिसूळ होणं. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर कमीत कमी सहा आठवडे जड उचलायचं नसतं. दिवाळीनंतर डोक्यावर उसाची मोळी घेणार असाल तर हे आधीच ओळखा. खाडा पडला तर दंड कापतात म्हणून पाळीचीच कटकट नको, असा हिशेब मुकादम आणि घरचे मिळून मांडतात. तो हिशेब तुमच्या शरीरावर मांडलेला आहे, आणि हो-नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे.

बीड जिल्ह्यात हे एवढं झालं की 2019 मध्ये सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. तेव्हापासून जिल्ह्यात खाजगी दवाखान्यानं हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची आहे. ती घेतली का, हे विचारा. आणि सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दुसरं मत घ्या. धारूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. कधीकाळी ऑपरेशन ठरलंच तर संमतीचा कागद मराठीत मागा, त्यावर फक्त पिशवी की अंडाशयंही हे लिहून घ्या, आणि काढलेली पिशवी तपासणीला पाठवून तिचा रिपोर्ट घ्या.

गोठ्याशेजारी जमिनीवर झोपलेल्या मुलाला काही चावलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळ घालवायचा की थेट नांदेडला खाजगीत पळवायचं? केंद्रात इंजेक्शन नसतं असं सगळे म्हणतात. — एक वाचक, कंधार

निघतानाच केंद्राला आणि 108 ला फोन करा. सापाच्या विषावरच्या लसीचा साठा आहे का, डॉक्टर आहेत का, हे रस्त्यातच कळतं. केंद्रात नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. लस जिथं लवकर मिळेल तिथं आधी जायचं, ती सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पहिला डोस देऊन मग पुढे हलवता येतं. लस न देता तासभर गाडीत घालवलेलं पोर मात्र नांदेडला पोचेपर्यंत श्वासाला लागू शकतं.

जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावणारा बहुधा मण्यार असतो. त्याचे दात बारीक, दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळा, उलटी, मग पापण्या जड होणं आणि गिळता न येणं, एवढंच दिसतं आणि घरचे पोटदुखीचं औषध देत बसतात. पापण्या उघडत नसतील तर दंश धरूनच चला. घोणस किंवा फुरसं चावलं तर आग होते, सूज चढते, रक्त गोठत नाही.

आवळपट्टी बांधू नका, चिरू नका. पायातलं कडं, बोटातली अंगठी लगेच काढा. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून पाय हलणार नाही असं करा आणि मुलाला चालवू नका. साप मारून आणायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही एकच आहे.

केंद्रात 2 मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिलं, तर विषानं गोठणं बिघडवलं आहे. मण्यार-नागात ही नळी नॉर्मल येते, तिथं डॉक्टर पापण्या आणि श्वास बघतात. विषाची लक्षणं असतील तर सुरुवातीला साधारण 10 बाटल्या सलाईनमधून जातात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच. साप विष लेकरू बघून कमी सोडत नाही. "पोराला एवढ्या कशाला" म्हणून अडवू नका. मण्यारीत लस देऊनही श्वास कमी पडू शकतो आणि व्हेंटिलेटर लागतो, म्हणून पुढे पाठवतात. त्या चिठ्ठीवर चावल्याची वेळ, किती बाटल्या दिल्या आणि नळीचा निकाल लिहून घ्या, नाहीतर पुढचा दवाखाना पहिल्यापासून सुरू करतो. घोणशीत पुढचे दोन-तीन दिवस लघवी किती होते ते बघा. कमी झाली तर किडनीवर बेतलं आहे.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात सगळं फुकट, मग छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात केसपेपरचे आणि तपासण्यांचे पैसे का घेतात? — एक वाचक, वैजापूर

कारण खाती दोन आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत झालेले दवाखाने सार्वजनिक आरोग्य विभागाचे: प्राथमिक केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिथं शासनाचे ठरलेले दर लागतात, त्यांची पावती मिळते. ॲडमिट व्हायचं असेल तर घाटीतही आरोग्यमित्र आहे, त्याला आधी भेटा. वैजापुरातून रेफरची चिठ्ठी आणि तिथले रिपोर्ट घेऊन गेलात तर त्याच तपासण्या पुन्हा करायची वेळ सहसा येत नाही.

आईची सुट्टी झाली, पण बिलाचे 18 हजार राहिलेत म्हणून फाईल देत नाहीत. दुसरीकडे दाखवायचंय. — एक वाचक, औसा

डॉक्टरांच्या नावे एका ओळीचा अर्ज करा: "केसपेपर, तपासण्या, औषधांचा तक्ता आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती मिळाव्यात." पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत प्रती द्याव्या लागतात. बिल आणि कागद या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतींचा झेरॉक्स खर्च तुम्ही द्यायचा. राज्याच्या शुश्रूषागृहांच्या नियमांत 2021 पासून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे, आणि बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. दाद मागायची ती तालुक्यातल्या दवाखान्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, लातूर शहरातला असेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. तोवर गोळ्यांच्या पाकिटांचे आणि सलाईनवरच्या चिठ्ठ्यांचे जे फोटो मोबाइलमध्ये असतील ते पुढच्या डॉक्टरांना दाखवा. काय दिलं जात होतं, ते त्यावरूनही बरंच कळतं.