आवाज नीट, चित्र मात्र अडखळतं

प्रश्न : माझ्या २०१५ सालच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये यूट्यूबचा १०८०पी व्हिडिओ अडखळतो. आवाज व्यवस्थित येतो, नेटचा वेगही उत्तम आहे. पंखा मात्र जोरात फिरतो. काय करावं?

उत्तर : पंख्याचा आवाज हीच खूण आहे. दोष बहुधा नेटचा नसून प्रोसेसरवर पडणाऱ्या ताणाचा आहे. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘फ्रेम्स’च्या ओळीत ‘ड्रॉप्ड’चा, म्हणजे न दाखवताच गाळलेल्या चित्रांचा आकडा सतत वाढत असेल, तर खात्रीच झाली. आता ‘कोडेक्स’ची ओळ पाहा; व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून पाठवलाय, ते ती सांगते. एव्ही१ ही त्यातली एक नवी पद्धत; इंटेलच्या चिपमध्ये ती उलगडण्याची सोय अकराव्या पिढीपासून आली. त्यामुळे तिथे ‘एव्ही०१’ (म्हणजेच एव्ही१) दिसत असेल, तर तुमच्या जुन्या लॅपटॉपवर ते सगळं काम प्रोसेसर एकटाच करतोय. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक अँड परफॉर्मन्स’खाली एव्ही१ फक्त एसडीपुरतं, म्हणजे कमी स्पष्टतेच्या व्हिडिओपुरतं ठेवा.

मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’खालचं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन (चित्राचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) चालू आहे ना, तेही बघा. बदल केल्यावर ‘रीलाँच’ दाबायला विसरू नका. उलट, चित्र हिरवं किंवा काळं पडत असेल, तर हेच अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा.

तरीही अडखळलं, तर ७२०पी निवडा. १४ इंची पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही.