विक्रम गोखले नटांच्या घराण्यातले होते, म्हणूनच मालिकांत टिकले का?

तुम्ही विचारलंय की विक्रम गोखले चौथ्या पिढीचे नट, मग मालिकांत इतकी वर्षं मोठी कामं मिळाली ती घराण्यामुळेच ना? आणि जमल्यास त्यांच्या आयुष्याबद्दल, कारकिर्दीबद्दल थोडं सांगा.

मी कोल्हापूरचा, हौशी रंगभूमीवरचा माणूस. आमच्या भागात मालिकांची शूटिंग होऊ लागली तेव्हा त्यांत लहानसहान कामंही केली. माझ्या मते त्यांना घराण्याकडून मिळालं ते कसब आणि सवय. बाकी या घरात आयतं फारसं काही नव्हतंच.

सुरुवात पणजीपासून करावी लागते. दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि लेकीला घेऊन फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी झाली. त्याच वर्षी आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं, कारण पडद्यावर यायला बाई तयार नव्हती. त्या काळात एकट्या बाईने मुलीसह कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हणजे समाजाच्या बोलण्याला तोंड द्यायचं. आपल्या कोल्हापुरातही बाबूराव पेंटरांनी १९२० च्या ‘सैरंध्री’त बायकांना भूमिका दिल्या, तेव्हा गावाने त्या सहज स्वीकारल्या नव्हत्या. दुर्गाबाईंनी ते सात वर्षं आधी केलं होतं.

ती लेक म्हणजे कमलाबाई गोखले, विक्रमजींची आजी. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात मुलं, आणि घर चालवायला हातात रंगभूमीच. त्यांनी नाटक सोडलं नाही. त्यांच्यावर रीना मोहन यांनी केलेला माहितीपट मिळाला तर जरूर बघा. म्हातारपणीचं त्यांचं बोलणं ऐकताना नट म्हणजे काय ते कळतं. त्यांच्या मुलांपैकी लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले, चंद्रकांत नट झाले. चंद्रकांत गोखल्यांनी रंगभूमी आणि मराठी चित्रपटात आयुष्य घालवलं. सैनिकांच्या कल्याणासाठी ते आपल्या मिळकतीतून नेमाने देणगी देत, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

आता विक्रमजींचं बघा. आजी-पणजी इतिहासात नोंदलेल्या, वडील नावाजलेले, तरी मुंबईत त्यांना स्वतःचं घर नव्हतं. हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांना अमिताभ बच्चन यांनी पत्र लिहिलं आणि मग सरकारी घर मिळालं. ते पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. पडद्यावर खानदानी, पैसेवाल्या बापाचं काम रुबाबात करणारा हा माणूस मुंबईत निवाऱ्यासाठी वणवण करत होता, हे प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही.

मालिकांतली त्यांची पहिली मोठी आठवण माझ्यासाठी ‘उडान’. दूरदर्शनवर १९८९ पासून लागायची, कविता चौधरींची. त्यात ते कल्याणीचे वडील होते. मुलीला पोलीस अधिकारी होताना पाहणारा बाप. मुलीच्या पाठीशी उभा राहणारा असा बाप तेव्हा पडद्यावर क्वचित दिसायचा आणि गोखल्यांनी तो भाषण न देता दाखवला. मुलगी बोलत असताना ते नुसते तिच्याकडे बघत राहतात. माझ्या पाहण्यात त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच. ‘बॅरिस्टर’ नाटकाची आणि पुढे ‘अग्निपथ’मधल्या कमिशनर गायतोंडेची वाखाणणी खूप झाली, ती योग्यच आहे. पण ‘उडान’मधला बाप घराघरात पोचला.

पुढे खाजगी वाहिन्या आल्या आणि रोजच्या मालिकेचा जमाना सुरू झाला. मराठीत ‘या सुखांनो या’, ‘अग्निहोत्र’, हिंदीत ‘विरुद्ध’, ‘जीवनसाथी’. इथे थोडं थांबतो, कारण डेली सोप कसं चालतं हे बाहेरून कळत नाही. कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळचा, शिफ्ट १२-१३ तासांची. संवादांचे कागद कधी सेटवर गेल्यावरच हातात पडतात. तालीम अशी नसतेच, चहा पिता पिता ओळी म्हणून घ्यायच्या. तुमचा क्लोज-अप लागतो तेव्हा समोरचा नट पुष्कळदा निघून गेलेला असतो, आणि आईच्या मरणाचं वाक्य तुम्ही साहाय्यक दिग्दर्शकाकडे बघून म्हणत असता. पाठांतर नसेल तर प्रॉम्प्टिंग घेऊन, म्हणजे बाजूने कुणी ओळी सांगत असताना, लोक सीन काढतात. कथेचा ट्रॅक टीआरपीवर, म्हणजे किती लोक बघतात त्यावर, बदलतो, आज सज्जन असलेला सासरा महिन्याभरात कपटी होतो. आणि केलेल्या कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी.

या सगळ्यात माणूस हळूहळू सैल पडतो. चेहऱ्याच्या ठरलेल्या चार हालचाली हाताशी येतात आणि दिवस निघतो. गोखले सैल पडले नाहीत. वाक्याच्या मध्ये घेतलेला त्यांचा तो लांब थांबा आठवा. डेली सोपमध्ये थांबणं सोपं नाही, सगळ्यांना सीन आटपायचा असतो. पण तो थांबा नाटकातून आलेला, बापाकडून-आजीकडून अंगात मुरलेला होता. घराण्याचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. वस्तादाच्या पोराला आखाडा लहानपणापासून मिळतो, पाठ मात्र त्याची त्यालाच सांभाळावी लागते.

ते कडक होते, हेही खरं. नाटकात मोबाईल वाजला की प्रयोग थांबवायचे. काही जणांना हा अहंकार वाटायचा. मला तसं वाटत नाही. आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहात रंगमंचावर उभं राहून ज्याने समोरच्या रांगेतली रिंगटोन ऐकलीय, तो त्यांना नावं ठेवणार नाही. (ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू पेटलेली बघताना गावातली किती माणसं रस्त्यावर रडली, ते कोल्हापूरकरालाच माहीत.)

मान-सन्मान उशिरा आले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २०११ चा. ‘अनुमती’साठी राष्ट्रीय पुरस्कार २०१२ च्या चित्रपटांत, इरफान खान यांच्याबरोबर विभागून. त्यात आजारी बायकोच्या उपचारासाठी पैसे गोळा करत फिरणारा नवरा त्यांनी केला. २०१६ मध्ये घशाच्या त्रासामुळे रंगभूमी सोडली, पण मालिका सोडली नाही. ‘तुझेच मी गीत गात आहे’ या मालिकेत ते अगदी शेवटच्या वर्षी दिसले. २६ नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात गेले.

त्याआधी त्यांनी पुण्याजवळच्या नाणे गावातली आपली एक एकर जमीन ज्येष्ठ कलाकारांच्या निवाऱ्यासाठी देऊन टाकली. ज्या संस्थांसाठी दिली त्यांत अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, ज्याचं मुख्य कार्यालय आपल्या कोल्हापुरात. स्वतः घरासाठी झगडलेल्या माणसाने हे करावं, याचं मला फार मोल वाटतं. आमच्याकडे जुन्या स्टुडिओंत उमेद घालवून उतारवयात भाड्याच्या खोलीत राहिलेले कलाकार मी पाहिले आहेत.

तुमच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलाय असं वाटतं: घरात कोणी नट नसेल तर आपल्याला जमेल का? ‘तुझ्यात जीव रंगला’चं शूटिंग वसगडे गावात चालायचं तेव्हा इथल्या हौशी रंगभूमीवरच्या कितीतरी जणांना कामं मिळाली, आणि त्यांच्या घरात कुणी नट नव्हतं. आधी राज्य नाट्य स्पर्धेच्या एखाद्या संघात शिरा आणि दोन वर्षं तालमी करा. आणि ‘उडान’चे भाग शोधून बघा, गोखल्यांना वाक्य नसलेले सीन खास करून.