एवढ्याशा बाळाला कमरेत इंजेक्शन?

प्रश्न: माझा मुलगा ३१व्या आठवड्यात झाला, आता अडीच महिन्यांचा आहे. दोन्ही बाजूंना हर्निया आहे. भूलतज्ज्ञ म्हणतात पूर्ण भूल नको, स्पायनल देऊ, म्हणजे कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करू. म्हणजे बाळ जागं असणार? हलला तर? मणक्याला काही झालं तर?

उत्तर: ऐकून पोटात गोळा येतोच, पण सल्ला विचार करून दिलेला दिसतोय. पोटातले आठवडे धरले तर तुमचं बाळ जेमतेम ४२ आठवड्यांचं. कमी दिवसांच्या बाळांचा श्वास भूल दिल्यानंतर मधेच थांबू शकतो, ही भीती साधारण ६० आठवड्यांपर्यंत असते. स्पायनलमध्ये ऑपरेशननंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात हा धोका कमी दिसतो, पण नंतरचा अजिबात जात नाही, म्हणून कोणी लगेच घरी जा म्हणालं तर मान्य करू नका, रात्रभर मॉनिटरवर ठेवायला सांगा.

हलण्याचं म्हणाल तर कमरेखाली पाय लुळे पडतात आणि गंमत म्हणजे खालून काही जाणवेनासं झालं की बरीच बाळं गाढ झोपतात, नाहीतर साखरपाण्यात बुडवलेलं चोखणं पुरतं. मज्जारज्जू तान्ह्या बाळात मोठ्यांपेक्षा खालपर्यंत येतो, हे भूलतज्ज्ञांना माहीत असतं, म्हणून सुई त्याच्याही खाली घालतात. इंजेक्शननंतर पाय वर उचलायचे नाहीत हाही नियम, नाहीतर औषध छातीकडे चढतं, मग कॉटरीची (रक्त थांबवायला विजेने जाळणाऱ्या यंत्राची) पट्टी लावतानासुद्धा बाळाला आडवंच धरतात.

अडचण वेळेची. बाळात औषध लवकर उतरतं, तास-सव्वा तास मिळतो, आणि तुमच्याकडे दोन बाजू आहेत. सर्जनचा हात चपळ हवा, हे सरळ विचारा, त्यात लाजायचं काय! कधी स्पायनलचा असर बसतच नाही, मग पूर्ण भूल द्यावी लागते, ती तयारी असते का तेही विचारा.

तशी वेळ आली तर पूर्ण भुलीने मेंदूचं काय होईल ही काळजी करत बसू नका. ७ देशांत ७०० हून जास्त तान्ह्या बाळांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये त्याचे निकाल आले, तासाभराच्या आतली पूर्ण भूल घेतलेली मुलं ५ वर्षांची झाल्यावर बुद्धीत मागे नव्हती.

आणि सर्दी-खोकला असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल.