शिंकं न तुटताही बोका ओट्यावर

वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राणी

प्रश्न : आमचा बोका दोन वर्षांचा आहे, नसबंदी झालेली आहे. स्वयंपाक सुरू झाला की तो ओट्यावर हजर. सहा महिने पाण्याचा फवारा मारतोय. आता आमच्यासमोर येत नाही, पण सकाळी कडप्प्यावर पावलांचे ठसे असतातच. कुठं चुकतंय? (डोंबिवली)

उत्तर : बोका शिकलाय, फक्त तुम्हाला हवं ते नाही. माणूस आणि बाटली समोर असेल तेव्हा ओटा वाईट, माणूस झोपला की ओटा चांगला, असा त्याचा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. बाटली आता कुंड्यांना पाणी घालायला घ्या.

ओट्यावर त्याला काहीतरी मिळतं, म्हणून तो जातो. ते काय, हे आधी शोधा. तीन-चार दिवस नुसतं बघा, वर गेल्यावर तो पहिल्यांदा कुठं वळतो. सिंककडे गेला तर नळाचं ठिबकणारं पाणी हवंय. मग पसरट, काठोकाठ भरलेलं भांडं जेवणाच्या वाटीपासून चार-पाच फूट लांब ठेवा, पाणी रोज बदला आणि नळाचा वॉशरही बदलून घ्या. खिडकीशी बसला तर कबुतरं बघायचीत, तेव्हा दुसऱ्या खोलीतल्या जाळी लावलेल्या खिडकीशी बसायला जागा करा. शेगडीशेजारी लोळत असेल तर ऊब हवी आहे. आणि सरळ ताटल्या हुंगायला लागला, तर प्रश्न तुमच्या झाकापाकीचा आहे.

या झाकापाकीतच बहुतेक घरं हरतात. दुधाच्या पातेल्यावरची जाळी मांजर पंजानं सहज सरकवतं, तिथं जड झाकण लागतं. सायीचं भांडं, लोण्याचा गोळा, तुपाचा चमचा, मासळी साफ केलेली सुरी आणि पाट, सिंकमधली खरकटी ताटं, सुक्या बोंबलांची नुसती गुंडाळून ठेवलेली पिशवी, हे सगळं रात्री ओट्यावरून हलायला हवं. साखरेचा डबा उघडा राहिला तरी चालेल. मांजराला गोड चव कळत नाही, ती ओळखणारं जनुकच त्याच्यात निकामी आहे. खीर चाटतं ते दुधातल्या स्निग्धांशासाठी.

नऊ रात्री ओटा स्वच्छ आणि दहाव्या रात्री सुरमईचा काटा, असं झालं की सवय मोडण्याऐवजी घट्ट होते. मटका खेळणाऱ्याला रोज कुठं लागतो? कधीतरी लागतो, म्हणूनच तो रोज खेळतो.

आता पर्यायी जागा. मांजराला उंची हवीच असते, जमिनीवर अंथरलेल्या गादीनं ते खूश होणार नाही. आपला ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो. बोक्याची फळी तेवढीच किंवा थोडी वर असावी, आणि ओट्यापासून पाच-सहा फुटांवर, तुम्ही काय करताय ते दिसेल अशी. १८ मिमी प्लायची १२ बाय १८ इंचांची फळी, खाली दोन लोखंडी ब्रॅकेट, वर काथ्याच्या चटईचा तुकडा चिकटवलेला. मांजर चार-पाच किलोचं असलं तरी उडी मारून पडताना भार कितीतरी जास्त येतो, म्हणून लावल्यावर हातानं जोर देऊन बघा. फळी एकदा जरी डगमगली तरी तो पुन्हा तिथं फिरकत नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायची नसतील तर जड, न हलणारं उंच स्टूल चालेल.

मग शिकवणी. बक्षीस म्हणून मीठ-मसाला, कांदा-लसूण न घातलेली उकडलेली कोंबडी, मटाराच्या अर्ध्या दाण्याएवढे तुकडे. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि बक्षिसं त्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत. म्हणजे दिवसभरात १२ ते १५ ग्रॅम कोंबडी. त्यात तीस-चाळीस तुकडे आरामात होतात.

पहिले दोन-तीन दिवस तुकडा फळीवर ठेवायचा, तो चढला की लगेच दुसरा. नंतर हातानं खूण करायची आणि ‘जागेवर’ असा एकच शब्द ठरवायचा. घरात सगळ्यांनी तोच वापरायचा, आजीनं ‘बस तिथं’ आणि मुलांनी ‘अप’ म्हटलं तर त्याला तीन भाषा शिकाव्या लागतात. फळीवर चारही पाय टेकल्यापासून एक-दोन सेकंदांत तुकडा मिळायला हवा. पाच सेकंदांनी दिलात तर त्याला वाटतं, शेपटी हलवली म्हणून मिळाला. दिवसातून दोनदा, पाचच मिनिटं. पुढच्या आठवड्यात तुम्ही ओट्याशी कोथिंबीर निवडत उभे राहा आणि तो फळीवर बसलेला असताना दर दहा सेकंदांनी एक तुकडा द्या. मग वीस सेकंद, मग एक मिनिट. खरा स्वयंपाक, फोडणी, माशाचा वास हे सगळ्यात शेवटी.

इथं एक सापळा आहे. बोका ओट्यावर चढला, तुम्ही ‘जागेवर’ म्हणालात, तो फळीवर गेला, तुम्ही तुकडा दिलात. चार दिवसांत तो हुशार होऊन आधी मुद्दाम ओट्यावर चढतो, कारण तिथूनच बक्षिसाची सुरुवात होते! म्हणून ओट्यावरून उतरवलेल्या खेपेला तुकडा नाही. न बोलता, न रागावता, डोळ्यांत न बघता खाली ठेवा. ओरडणं हेसुद्धा काही मांजरांना लक्ष दिल्यासारखंच वाटतं. तुकडे मिळतात ते आपणहून, न सांगता फळीवर गेल्यावर, आणि तेव्हा मात्र सढळ हातानं.

मांजरं पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असतात. नेमका तोच आपला डब्याचा आणि रात्रीच्या जेवणाचा वेळ. शेगडी पेटवण्याआधी दहा मिनिटं दोरीला पीस बांधून त्याला पळवा आणि लगेच खायला घाला. पोट भरलेलं, दमलेलं मांजर अंग चाटत बसतं. पहिल्या आठवड्यात उड्या कमी होण्याऐवजी वाढतील, कारण जुनी युक्ती चालेनाशी झाली की तो ती आणखी जोरानं करून बघतो. इथंच लोक हार मानतात. महिना-दीड महिना धरून चला.

प्रश्न : ओट्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा अॅल्युमिनियम फॉइल लावली तर? (नाशिक)

उत्तर : रात्रीपुरतं चालतं, पण पर्यायी जागा नसेल तर तो टेप नसलेला कोपरा शोधतो. टेप थेट दगडावर लावू नका, तिचा गोंद निघता निघत नाही. जुन्या पुठ्ठ्यावर पट्ट्या लावा आणि तो पुठ्ठा ओट्याच्या पुढच्या सात-आठ इंचांत ठेवा, कारण पाय तिथंच टेकतात. दोन-तीन आठवड्यांनी एकेक पुठ्ठा कमी करा. फॉइलचा आवाज आणि स्पर्श बहुतेकांना नकोसा वाटतो, पण थोड्याच दिवसांत काही मांजरं त्यावर ऐटीत झोपतात. हालचाल टिपून हवेचा फवारा सोडणारं यंत्र माणूस नसतानाही काम करतं, हा त्याचा गुण. पण भित्रं मांजर स्वयंपाकघरातच यायचं सोडतं, आणि त्याचं पाणी तिथं असेल तर तहानलेलं राहतं. दाबाखालचा डबा शेगडीजवळ ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

उंदरांसाठी मिळणारे चिकट पुठ्ठे मात्र चुकूनही नकोत. मांजर अडकलंच तर ओढू नका. खाण्याचं तेल चोळत चोळत सोडवा, मग भांड्यांच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं तेल धुवा.

प्रश्न : फिनाईलनं ओटा पुसला किंवा कोपऱ्यात कापूर, डांबराच्या गोळ्या ठेवल्या की मांजर येत नाही, असं शेजारी सांगतात. (सातारा)

उत्तर : येत नाही, आणि आलं तर आजारी पडतं. फिनॉलसारखे पदार्थ निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. ते ओल्या ओट्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं, विष असं पोटात जातं. काळं फिनाईल, पाइन तेलाचं पांढरं फिनाईल, कापूर, डांबराच्या गोळ्या, टी-ट्री आणि लिंबूवर्गीय सुगंधी तेलं, सगळी याच यादीत. मिरचीपूड टाकणं म्हणजे तर त्याच्या डोळ्यांशी खेळ. तशीही जिथं पोळ्या लाटायच्या तिथं फिनाईल कशाला? भांड्यांचा साबण, मग साध्या पाण्याचं फडकं, बास. कडप्पा असेल तर लिंबू-व्हिनेगरही नको, तो चुनखडीचा दगड आहे, त्याची झळाळी जाते.

फिनाईलवरून चालून गेलंच तर पंजे लगेच साबणानं धुवा. तोंडातून लाळ, झोकांड्या किंवा उलट्या दिसल्या तर घरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या.

प्रश्न : मी तीन महिन्यांची गरोदर आहे. मांजर ओट्यावर येतं म्हणून सासूबाई ते देऊन टाका म्हणतात. (कोल्हापूर)

उत्तर : सासूबाईंची भीती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या जंतूची असेल, तर ती अगदीच निराधार नाही, पण तिचं बोट चुकीच्या जागी आहे. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून हे जंतू बाहेर पडतात आणि पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ व्हायला हवा, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचा. दुसरं कुणी नसेलच तर हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुऊन. मांजराला कच्चं मांस देऊ नका, त्याला उंदीर मारायला बाहेर सोडू नका. ट्रेमधून आलेल्या पायांनी ते ओट्यावर चढू शकतं, तेव्हा पोळपाट मांडण्याआधी ओटा साबणाच्या पाण्यानं पुसायचाच. कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली कोथिंबीर-मेथी आणि कुंड्यांतली माती यांचीही तेवढीच काळजी घ्या. तपासणी हवी का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मांजर देऊन टाकायची गरज नाही.

प्रश्न : आमचं घर एका खोलीचं, स्वयंपाकघराला दार नाही. (मुंबई)

उत्तर : मग शिस्त मांजरापेक्षा माणसांना जास्त. रात्री ओटा आणि सिंक पूर्ण रिकामं, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. मांजराची फळी पंख्यापासून लांब, कपाटाच्या माथ्यावर करा, जागाही जात नाही.

प्रश्न : मांजर इंडक्शनच्या शेगडीवर बसतं. धोका आहे का? (पुणे)

उत्तर : आहे. स्पर्शाची बटणं पंजानंही दाबली जातात आणि वर भांडं राहिलं असेल तर ते तापतं. चाइल्ड लॉक लावा किंवा स्वयंपाक झाला की मुख्य बटण बंद करा. काच भांड्याच्या उष्णतेनं बराच वेळ गरम राहते, मुख्य बटण बंद केल्यावर ती थंड होईपर्यंत वर पालथी परात ठेवा. गॅस असेल तर रात्री रेग्युलेटर बंद.

प्रश्न : आमची मांजरी अकरा वर्षांची. कधी ओट्यावर गेली नव्हती, गेल्या महिन्यापासून अन्नावर तुटून पडते, पोळीसुद्धा पळवते. (नागपूर)

उत्तर : हिला शिकवायला बसू नका, आधी वजन करा. तुम्ही तिला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, फरक लिहून ठेवा. भूक वाढलेली आणि वजन मात्र घटतंय, असं या वयात दिसलं की थायरॉइडचा अतिस्राव किंवा मधुमेह असू शकतो. पाणी किती पिते, ट्रेमध्ये लघवीचे ओले गोळे मोठे झालेत का, तेही बघा. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते आठवा. पशुवैद्यांकडे टी-४ (थायरॉइडची रक्तचाचणी), रक्तातली साखर आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या करून घ्या, या आठवड्यातच.