मोफत, खुलं की मुक्त?

प्रश्न असा आहे: विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आपल्या स्लाइड्स, प्रश्नसंच, आकृत्या एकमेकांना वापरायला देतात. अशा 'ओपन' साहित्याला मराठीत मोफत म्हणावं, खुलं की मुक्त? आणि 'शेअर करणे'ला काय म्हणावं?

'मोफत' आधी बाजूला ठेवू. तो फक्त किमतीबद्दल बोलतो. ग्रंथालयातलं पुस्तक फुकट वाचायला मिळालं, तरी त्यातली उदाहरणं बदलून आपल्या वर्गासाठी छापायची मुभा मिळत नाही. युनेस्कोच्या 2002 मधल्या पॅरिस बैठकीतून 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे नाव पुढे आलं, तेव्हा त्यात वापराबरोबर फेरफारही धरलेला होता.

उरले खुलं आणि मुक्त. इथे अर्थशास्त्राच्याच मराठी परिभाषेने वाट करून ठेवली आहे. परदेशांशी व्यवहार करणारी ती खुली अर्थव्यवस्था. आयातीवर जकात असली तरी ती खुलीच. मुक्त व्यापारात मात्र जकात, कोटा हे अडथळेच काढलेले असतात. म्हणजे दार उघडं असेल तर खुलं, बंधन सुटलेलं असेल तर मुक्त. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, त्याच्या नावातला 'मुक्त'ही प्रवेशाच्या अटी सैल केल्याचंच सांगतो.

हा भेद प्रत्यक्षात फार उपयोगी आहे. अर्थशास्त्राचं साहित्य ऑनलाइन देणाऱ्या 'कोअर' प्रकल्पाचं 'द इकॉनॉमी' हे पाठ्यपुस्तक ऑनलाइन कुणालाही वाचता येतं, पण 2017 च्या आवृत्तीच्या परवान्यात बदल करून प्रसृत करण्याला मनाई आहे. अनुवादालाही वेगळी परवानगी लागते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या पाठ्यपुस्तक-प्रकल्पाचं 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' मात्र श्रेय दिलं की बदलता येतं. डॉलरच्या जागी रुपये घाला, मक्याच्या जागी ज्वारी घाला, हरकत नाही. माझ्या मते पहिलं खुलं, दुसरं मुक्त. दोन्हींना सरसकट 'मुक्त' म्हटलं, तर एखादा प्राध्यापक भाबडेपणाने स्वामित्वहक्काचा भंग करून बसेल, आणि दोष आपल्या शब्दाचा असेल.

'रिसोर्स'साठी 'संसाधन' चालतं, पण अर्थशास्त्राच्या वर्गात ते पाणी, खनिजं, मनुष्यबळ यांच्याकडे ओढतं. शिक्षकांच्या तोंडी असलेलं 'शैक्षणिक साहित्य' मला जास्त जवळचं वाटतं.

आता 'शेअर करणे'. बोलताना तेच म्हणा, त्यात काही गैर नाही. लिहिताना 'वाटणे' टाळा, कारण वाटलं की वाटा पडतो आणि उरलेलं कमी होतं. प्रश्नसंच शंभर जणांनी घेतला तरी मूळ देणाऱ्याकडे तो पूर्णच राहतो. 'देवाणघेवाण' दोन्ही बाजूंनी होत असेल तेव्हाच शोभते. 'सामाईक' मला फार आवडतो: सामाईक विहिरीसारखा त्यात हक्क सगळ्यांचा असतो. पण तो साठ्याला लावावा, एकेका फाइलला नव्हे. 'विभागाचा सामाईक प्रश्नसंग्रह' हे उत्तम मराठी आहे. एकेका फाइलसाठी 'वापरायला देणे' हे साधं क्रियापद पुरतं.

साहित्याच्या पहिल्या पानावर मी असं लिहीन: 'हे मुक्त शैक्षणिक साहित्य आहे. मूळ लेखकाचं नाव देऊन ते वापरता, बदलता आणि पुढे देता येईल.' फेरफाराला परवानगी नसेल, तर 'मुक्त'च्या जागी 'खुलं' लिहावं, 'बदलता' काढावं आणि मनाई स्पष्ट नोंदवावी.