नोकरी सांभाळून शेळ्या: ५० की ५?

प्रश्न: एमआयडीसीत कायम नोकरी आहे, सकाळी ७ ते सायंकाळी ५. गावी एकरभर बागायत, घरी आई. जोडधंदा म्हणून कर्ज काढून शेड बांधावं आणि ५० उस्मानाबादी शेळ्या घ्याव्यात का?
— एक वाचक, बारामती तालुका

उत्तर: ५० नको, ५ घ्या, आणि कर्ज तर नकोच. जूनमध्ये फळवलेली (बोकड दाखवलेली) शेळी नोव्हेंबरात विते, करडं ८-१० महिन्यांची होऊन विकायला पुढचा पावसाळा उजाडतो. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ नुसता खर्च. तो पगारातून निघेल एवढाच पसारा मांडा.

५ शेळ्या आणि त्यांच्या करडांना १० बाय १० फुटांचं पत्र्याचं छप्पर आणि पुढे १० बाय २० फुटांचं जाळीचं मोकळं आवार पुरतं. खाली मुरूम टाका. शोभेच्या शेडपायी अडकलेला पैसा सुटत नाही.

शेळ्या दोन-चार दाती, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांच्या, शक्यतो गोठ्यावरून घ्या. बाजारातून आणल्याच तर २१ दिवस वेगळ्या बांधा, नाहीतर पीपीआर हा शेळ्यांचा संसर्गजन्य विषाणूरोग सगळा कळप घेऊन जातो.

चाऱ्याचं गणित सोपं: मोठ्या शेळीला दिवसाला साडेतीन-चार किलो हिरवा, किलोभर तूर किंवा हरभऱ्याचं भुसकट, २०० ग्रॅम खुराक. मेथीघास आणि संकरित नेपियर मिळून १० गुंठे करा, बांधावर शेवरी लावा. चारा संध्याकाळी कापून रात्रभर पसरून ठेवा, सकाळी आई घालतील. कोवळा, ओला मेथीघास उपाशीपोटी पडला तर पोटफुगी ठरलेली.

नोकरदाराची खरी अडचण वेताची. शेळी दुपारी व्यायली आणि घरात एकट्या आईच, तर करडू चिकावाचून राहू शकतं. पहिला चीक तासाभरात पोटात जायला हवा, २ किलोच्या करडाला पहिल्या दिवसात किमान २०० मिली. म्हणून बोकड कळपात मोकळा सोडू नका. सकाळ-संध्याकाळ माज बघा: शेपटी हलवणं, सारखं ओरडणं, निरण (योनीचा बाहेरचा भाग) लालसर होणं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी फळवा, तारीख भिंतीवर लिहा. १ जूनला फळवलेली शेळी २९ ऑक्टोबरच्या आसपास विते. पाच-सात दिवस मागेपुढे धरून रजा टाका, दिवाळीची सुट्टी जोडून येते. पावसाळी वेत मात्र टाळाच. ओल्या जमिनीवर करडं न्यूमोनियाने जातात. ५ शेळ्यांसाठी बोकड पाळणं परवडत नाही. गावातला चांगला बोकड वापरा, फक्त तो तुमच्या शेळ्यांचा बाप किंवा भाऊ नसावा.

प्रश्न: पहिला पाऊस झाला की रात्री धडधाकट असलेली करडं सकाळी मेलेली सापडतात. विषबाधा असेल का?

उत्तर: लक्षणं आंत्रविषाराची वाटतात. कोवळं गवत किंवा धान्य एकदम जास्त खाल्लं की आतड्यातले जिवाणू वाढून विष तयार करतात. जास्त खाणारं, अंगाने भरलेलं करडूच आधी जातं, म्हणून माणूस चक्रावतो. लस मे महिन्यातच टोचा. पहिल्यांदाच टोचत असाल तर १४ ते २१ दिवसांनी दुसरा डोस लागतोच, बरेच जण तो विसरतात. पाऊस पडल्यावर पहिले आठ-दहा दिवस आधी भुसकट घाला, मगच चरायला सोडा. पुन्हा करडू मेलं तर पुरण्याआधी सरकारी दवाखान्यातून शवविच्छेदन करून घ्या, पण उशीर करू नका. उन्हाळ्या-पावसाळ्यात काही तासांत आतडी कुजतात आणि निदान होत नाही.