जुने ड्राइव्ह युनिट घ्यावे का? निपाणीच्या वाचकाला उत्तर

निपाणीच्या एका औषध-वितरकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१मध्ये घेतलेली त्यांची विजेवरची गाडी १,७२,००० किलोमीटर धावली आणि गेल्या महिन्यात यमगर्णीच्या पुलाजवळ बंद पडली. वर्कशॉपने मोटर, गिअर आणि इन्व्हर्टर (बॅटरीतील वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग) असे संपूर्ण ड्राइव्ह युनिट बदलावे लागेल असे सांगून ३,९०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. पुण्यातील जुन्या सुट्या भागांचा एक व्यापारी त्याच मॉडेलचे युनिट १,३५,००० रुपयांना देतो आहे. गाडी आहे त्या स्थितीत विकली तर २,००,००० रुपये येतात. जुने युनिट घेऊन २,५५,००० रुपये वाचवावेत का, आणि त्यासाठी सौहार्दमधील (कर्नाटकातील सौहार्द सहकारी संस्थेतील) ठेव मोडावी की सोने गहाण ठेवावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या हिशेबात एक दुरुस्ती आधी केली पाहिजे. २,५५,००० रुपये ही बचत नव्हे. चालू स्थितीतील अशा गाडीला बेळगावात साडेपाच लाख मिळतात, असे आपणच लिहिले आहे. तीत ३,९०,००० घातले तर पदरात १,६०,००० उरतात. बंद गाडी तशीच विकली तर २,००,००० मिळतात. म्हणजे नवे युनिट हा पर्याय आधीच बाद झालेला आहे, आणि बाद पर्यायाशी तुलना केली की कोणतीही वस्तू स्वस्तच वाटते. साडीच्या दुकानात महागडा शालू आधी का उलगडतात, हे आपल्याला ठाऊक असेलच.

खरी तुलना पेट्रोल गाडीशी आहे, कारण आपले काम गाडीविना चालणार नाही. आपण महिन्याला २६ दिवस रोज सुमारे ११५ किलोमीटर, म्हणजे जवळपास ३,००० किलोमीटर फिरता. विजेच्या एका युनिटला ६ किलोमीटर आणि वीज कंपनी हेस्कॉमच्या बिलावरून त्या युनिटला ७ रुपये धरले, तर विजेचा खर्च ३,५०० रुपये होतो. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला २०० लिटर पेट्रोल लागेल आणि १०३ रुपये दर धरला तर त्याचे २०,६०० रुपये होतील. फरक महिन्याला १७,००० रुपयांचा आहे. वाहतूक, काढणे-बसवणे, नवीन सील, गिअर ऑइल आणि कूलंट धरून जुन्या युनिटचा एकूण खर्च १,८०,००० रुपयांपर्यंत जाईल. तो अकरा महिन्यांत फिटतो. कोल्हापूरहून साडेतीन लाखांची जुनी पेट्रोल गाडी आणायची म्हटली, तर बंद गाडीचे दोन लाख वजा जाऊनही दीड लाख घालावे लागतील. शिवाय एमएच-०९ची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवायची असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र आणून तिची कर्नाटकात फेरनोंदणी करावी लागेल आणि येथील कर भरावा लागेल, तो वेगळाच. तेव्हा माझा कौल जुन्या युनिटच्या बाजूने आहे; मात्र ते अकरा महिने टिकण्याची शक्यता आपण आधी पदरात पाडून घेतली पाहिजे.

वॉरंटीच्या पुस्तिकेत ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते, असे लिहिलेले असल्याने तो मार्ग बंद झाला आहे. अपघाताच्या विम्यात यांत्रिक किंवा विद्युत बिघाड येत नाही. तरीही ‘संपूर्ण युनिट गेले’ हे वाक्य निदानाच्या लेखी अहवालाशिवाय मान्य करू नका. बेअरिंग झिजले असेल किंवा सील फुटून कूलंट आत गेले असेल, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखादा अनुभवी कारागीर ते काम कितीतरी कमी पैशांत करू शकेल. इन्व्हर्टर जळाला असेल तर गोष्ट वेगळी.

युनिट पाहायला पुण्याला स्वतः जा आणि सोबत मोटर-वाइंडिंगचे काम करणारा माणूस न्या. केवळ मॉडेल सारखे असून भागत नाही. भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. मोटर आणि इन्व्हर्टर एकाच गाडीतून निघालेले असावेत, कारण रोटरची स्थिती सांगणाऱ्या रिझॉल्व्हरचे मोजमाप त्या जोडीपुरते लावलेले असते. मेगर (तारांचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) मारायचा तो इन्व्हर्टर सोडवून फक्त वाइंडिंगवर, अन्यथा तपासणीतच इन्व्हर्टर निकामी होईल. गिअरचे तेल थोडे पांढऱ्या कापडावर काढून बघा: बारीक करडा गाळ चालेल, चमकणारे कण दिसले तर परत फिरा. पुढून ठोकलेल्या गाडीपेक्षा मागून ठोकलेल्या गाडीचे युनिट बरे. आपल्या गाडीचे युनिट पुढच्या बाजूला आहे, म्हणून हे सांगतो. पुरात बुडालेल्या गाडीचे मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नका; जुलै २०२१मध्ये पंचगंगा आणि वेदगंगेच्या पाण्याने गाड्यांची काय दशा केली, ते निपाणीकरांना सांगण्याची गरज नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची अट सॉफ्टवेअरची आहे. बाहेरून आणलेले युनिट आपल्या गाडीच्या संगणकाशी जोडून देऊ, असे वर्कशॉपकडून लेखी घ्या आणि त्याचे शुल्कही लिहून घ्या. हा कागद हाती येईपर्यंत पुण्याला एक रुपयाही पाठवू नका. व्यापारी पंधरा दिवसांची तपासणी-मुदत देतो म्हणतो. त्याऐवजी ६० टक्के रक्कम माल उचलताना आणि ४० टक्के गाडी १,००० किलोमीटर चालल्यानंतर, असा व्यवहार मागा. तो मान्य होत नसेल, तर किंमत निदान २५,००० रुपयांनी उतरली पाहिजे, कारण मग सगळी जोखीम आपल्या अंगावर आली.

बिल पक्के घ्या आणि ज्या गाडीतून युनिट निघाले तिच्या नोंदणीची व मोडीत काढल्याची प्रत मागा. चोरीचा आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानायला कारण असताना माल घेणाऱ्यावरही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा होतो. आपल्या आरसीवर इंजिन क्रमांकाच्या जागी मोटर क्रमांक असतो. तो बदलल्यावर १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर पुढे दाव्याच्या वेळी हाच क्रमांक आडवा येईल.

पैशांबद्दल बोलायचे तर सोने घरातच राहू द्या. मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेलाही हात लावू नका. सौहार्दमध्ये आपली सहा लाखांची ठेव आहे. सहकारी बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत असलेले विम्याचे संरक्षण सौहार्द संस्थेतील ठेवीला नसते, त्यामुळे तिच्यातील दोन लाख मोडायला मला तरी हरकत दिसत नाही. दोन लाख ही वरची मर्यादा समजा. खर्च त्यापुढे जाऊ लागला किंवा वर्कशॉपने सॉफ्टवेअर जोडून देण्यास नकार दिला, तर गाडी आहे तशी विकावी. त्यासाठी दोन लाखांना घेणाऱ्याचा शब्द आणि त्याची मुदत पुण्याला निघण्याआधीच लिहून घ्या.